वेधशाळेचा शेजार



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण इथे जमतो, त्यांनी मराठवाड्यातल्या शाळांत हयातभर विज्ञान शिकवले. शाळेच्या प्रयोगशाळेला कुलूप असता कामा नये, असा त्यांचा आग्रह असे. त्यांच्या नावाने बोलायचे तर विषय दूरच्या आकाशाचा असला तरी त्याचा आपल्या मातीशी संबंध असावा, असे मला वाटले. म्हणून आज मी गुरुत्वीय लहरींविषयी बोलणार आहे. या लहरी टिपणारी वेधशाळा आपल्या हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथच्या परिसरात उभी राहायची आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये तिच्यासाठी २,६०० कोटी रुपये मंजूर केले.

मला जे सांगायचे आहे ते आधीच सांगून टाकतो. गेल्या दहा वर्षांत या क्षेत्रात जे शोध लागले, त्यांत यंत्रांच्या आकाराइतकाच वाटा खरखर ओळखून बाजूला काढण्याच्या चिकाटीचा आहे. आणि ही खरखर पुष्कळदा वेधशाळेच्या कुंपणाबाहेरून येते. रस्त्यावरून, रानातून, मोबाइलच्या टॉवरवरून, म्हणजे तुमच्याआमच्याकडून. त्यामुळे वेधशाळेचे शेजारी या विज्ञानातले भागीदार ठरतात. भागीदाराला विश्वासात घ्यावे लागते आणि त्याचा वाटाही द्यावा लागतो.

आता मूळ गोष्टीकडे वळू. वस्तुमानामुळे अवकाश आणि काळ यांना वाक येतो, हे आइन्स्टाइनने १९१५ मध्ये मांडले. वस्तुमाने हलली की तो वाकही हलतो आणि ती हालचाल प्रकाशाच्या वेगाने चहूकडे पसरते, हे त्याने पुढच्याच वर्षी दाखवले. अशी लहर आपल्यावरून जाते तेव्हा एका दिशेतले अंतर किंचित ताणले जाते, काटकोनातल्या दिशेतले आक्रसते आणि पुढच्या क्षणी याच्या उलट होते. हा फरक इतका सूक्ष्म, की लहरींच्या अस्तित्वाबद्दल खुद्द आइन्स्टाइनचेही मन डळमळले. १९३६ मध्ये त्याने अशा लहरी नसतातच, असा निबंध लिहिला होता. एका परीक्षकाने त्यातली चूक दाखवली आणि अखेर निष्कर्ष बदलावा लागला.

१४ सप्टेंबर २०१५ रोजी, आपल्याकडे दुपारचे तीन वाजून वीस मिनिटे झाली असताना, अमेरिकेतल्या लिव्हिंग्स्टन आणि हॅनफर्ड या दोन ठिकाणच्या लायगो यंत्रांनी अशी लहर प्रथमच थेट टिपली. आधी लिव्हिंग्स्टनला आणि सुमारे सात सहस्रांश सेकंदांनी हॅनफर्डला. सूर्याच्या ३६ पट आणि २९ पट वस्तुमानाची दोन कृष्णविवरे एकमेकांत मिसळली आणि ६२ पट वस्तुमानाचे एक कृष्णविवर तयार झाले. मधले तीन सूर्यांएवढे वस्तुमान लहरींच्या ऊर्जेत गेले. घटना सुमारे १३० कोटी वर्षांपूर्वीची. यंत्रात ती सेकंदाचा पाचवा हिस्सा दिसली.

हे दिसले कसे, ते जरा जवळून पाहू. लायगोला काटकोनात दोन भुजा आहेत, प्रत्येक चार किलोमीटर लांब. एकाच लेसरचा झोत दुभागून दोन्ही भुजांत सोडतात. तो टोकाच्या आरशांवरून परततो आणि परतलेले झोत एकमेकांवर पाडून दोन्ही अंतरांतला फरक मोजतात. आरसा म्हणजे अतिशुद्ध सिलिकाची, ३४ सेंटिमीटर व्यासाची, ४० किलो वजनाची जाड चकती. ती चार काचतंतूंवर टांगलेली असते. प्रत्येक तंतू अर्ध्या मिलीमीटरहूनही बारीक. धातूची तार इथे चालत नाही, कारण उष्णतेमुळे तारेत जी सूक्ष्म थरथर होते तीसुद्धा या मापनाला जड जाते. आरशाच्या वर आणखी तीन वजने एकाखाली एक टांगलेली, म्हणजे चार लोलकांची साखळी. ती ज्या मंचावर आहे तो जमिनीचा हादरा जाणून उलट दिशेने सरकतो. एवढे सगळे केल्यावर २०१५ च्या त्या दुपारी जो फरक मोजला गेला, तो प्रोटॉनच्या व्यासाच्या काही सहस्रांश एवढा होता.

इतक्या बारकाईने मोजू लागले की जगातली प्रत्येक हालचाल आड येते. हा धडा या शास्त्राला कठीण मार्गाने मिळाला. मेरीलँड विद्यापीठातले जोसेफ वेबर हे या लहरी शोधायला बसलेले पहिले प्रयोगकर्ते. अॅल्युमिनियमचे मोठे भरीव दंडगोल टांगून ते त्यांची थरथर मोजत. १९६९ मध्ये त्यांनी लहरी सापडल्याचे जाहीर केले. इतरांनी तशीच यंत्रे बांधली, पण त्यांना काही सापडले नाही. वेबर यांचा दावा टिकला नाही. तरी मला त्यांच्याविषयी आदर वाटतो, कारण हे मोजून पाहता येईल एवढा विश्वास त्यांनी आधी धरला. आणि त्यांच्यानंतर आलेल्या प्रत्येकाने संदेशापेक्षा खरखरीचा अभ्यास आधी करायचा, हे पक्के ठरवले.

तो अभ्यास किती खोलवर जातो याचे एक उदाहरण मला फार आवडते. २०१७ च्या उन्हाळ्यात हॅनफर्डच्या नोंदींत मधूनमधून बारीक ठोके दिसू लागले. हॅनफर्डचा प्रदेश रखरखीत. यंत्राच्या निर्वात नळ्यांसाठी द्रव नायट्रोजन वापरतात आणि तो वाहून नेणाऱ्या पाइपांवर बाहेरून बर्फ धरतो. शोध घेत घेत शास्त्रज्ञ त्या पाइपांपाशी पोहोचले, तेव्हा बर्फावर चोचींच्या खुणा होत्या. तहानलेले डोमकावळे बर्फ टोचून खात होते आणि त्यांच्या चोचींचा ठोका चार किलोमीटरच्या यंत्राला ऐकू जात होता. शास्त्रज्ञांनी स्वतः तसेच ठोके मारून नोंदींशी ताडून पाहिले, मगच निष्कर्ष काढला.

लिव्हिंग्स्टनची अडचण जास्त गंभीर होती. तिथे आजूबाजूला पाइनची जंगले आणि लाकूडतोडीचा धंदा. सुरुवातीच्या वर्षांत दिवसा झाडे पडत असताना यंत्र चालवणेच कठीण जाई. धंदा चालूच राहिला. बदलावे यंत्राला लागले. हादऱ्याला उलट सरकून उत्तर देणारे हायड्रॉलिक टेकू २००४ च्या सुमारास तिथे बसवले गेले. ही गोष्ट मी मुद्दाम सांगतो आहे. वेधशाळा आली म्हणजे आसपासच्या लोकांनी हातावर हात ठेवून बसायचे, असा काही नियम नाही.

१७ ऑगस्ट २०१७ रोजी दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या मीलनाची लहर आली, ती सुमारे १०० सेकंद ऐकू येत होती. मीलनाच्या सेकंदभर आधी लिव्हिंग्स्टनच्या यंत्रात मोठी खरखर घुसली. संगणकाने तिथली नोंद बाद धरली आणि पहिला इशारा एकट्या हॅनफर्डच्या जोरावर गेला. माणसांनी ती खरखर हाताने बाजूला केली, तेव्हा खालचा संदेश स्वच्छ दिसला. इटलीतल्या व्हर्गो यंत्रात तो जवळजवळ दिसलाच नाही, आणि ते न दिसणेच कामी आले, कारण व्हर्गोला आकाशाच्या ज्या भागातले कमी ऐकू येते तिथेच स्रोत असणार, हे त्यातून ठरले. काही तासांत १३ कोटी प्रकाशवर्षांवरच्या दीर्घिकेत त्या मीलनाचा प्रकाशबिंदू सापडला आणि जगभरच्या सुमारे ७० वेधशाळा तिकडे वळल्या. सोने आणि प्लॅटिनमसारखी जड मूलद्रव्ये अशा मीलनात घडतात, याचा पुरावा त्या दिवसांत मिळाला.

यंत्रातली खरखर कमी केली तरी उरते ती संदेशाहून मोठीच असते. मग संदेश ओळखायचा कसा? त्याचा आकार आधीच ठाऊक असेल तर ओळखता येतो. इथे भारतीयांचे काम येते, आणि ते लायगो उभी राहण्याच्या आधीचे आहे. जयंत नारळीकरांनी पुण्यात उभ्या केलेल्या ‘आयुका’ या संस्थेत संजीव धुरंधर यांनी हा विषय हाती घेतला. १९९१ मध्ये त्यांनी आणि बी. एस. सत्यप्रकाश यांनी अपेक्षित लहरींचे गणिती साचे किती आणि कसे निवडावेत, ते नोंदींवरून कसे फिरवावेत, याची पद्धत मांडली. बंगळुरूच्या बाला अय्यर यांनी फ्रेंच सहकाऱ्यांबरोबर त्या साच्यांचा आकार नेमका करणारी किचकट आकडेमोड केली. नारळीकर मे २०२५ मध्ये आपल्यातून गेले. त्यांच्या कथा आणि लेख आपण सगळ्यांनी वाचले. पण मोजायला यंत्र नसतानाही त्याचे गणित करणाऱ्या माणसांना त्यांनी पुण्यात जागा दिली, हे मला त्यांचे तितकेच मोठे काम वाटते.

त्याहीआधी, १९७० मध्ये, सी. व्ही. विश्वेश्वरा या तरुण कन्नड शास्त्रज्ञाने कृष्णविवराला धक्का बसला तर काय होईल याचे गणित केले. ते ठरावीक सुरांत थरथरते आणि थरथर झपाट्याने विरते, असे उत्तर आले. कृष्णविवरे खरोखर असतात का, याचीच तेव्हा खात्री नव्हती. १४ जानेवारी २०२५ रोजी लायगोने जी लहर टिपली तिच्यात हे विरणारे सूर आजवरचे सर्वांत स्पष्ट दिसले. २०१५ च्या जोडीसारखीच कृष्णविवरे, अंतरही जवळपास तेच. पण दहा वर्षांत यंत्र इतके शांत झाले होते की ही नोंद तिपटीहून अधिक स्पष्ट उतरली.

तिच्यातून आणखी एक गोष्ट पडताळता आली. कृष्णविवराचे पृष्ठफळ कधीही घटत नाही, असे स्टीफन हॉकिंग यांनी १९७१ मध्ये मांडले होते. या जोडीचे मिळून पृष्ठफळ होते सुमारे २ लाख ४० हजार चौरस किलोमीटर. मीलनानंतरच्या कृष्णविवराचे सुमारे ४ लाख. महाराष्ट्राचे क्षेत्रफळ ३ लाख ८ हजारांच्या आसपास आहे, हे मनात धरले तर आकड्यांचा आवाका येतो: दोन मिळून महाराष्ट्राहून लहान, एक झाल्यावर महाराष्ट्राहून मोठे. वस्तुमान ऊर्जेच्या रूपाने उडून जाऊनही पृष्ठफळ वाढले. हॉकिंग २०१८ मध्ये वारले. इतकी स्वच्छ पडताळणी पाहायला ते हवे होते.

आता खोडदला जाऊ. जुन्नर तालुक्यात नारायणगावजवळ गोविंद स्वरूप यांनी उभारलेली महाकाय मीटरलहरी रेडिओ दुर्बीण, म्हणजे जीएमआरटी. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, २५ किलोमीटरच्या पसाऱ्यात. या तबकड्या भरीव पत्र्याच्या नाहीत. स्टीलच्या दोरांवर बारीक तारांची जाळी ताणून त्या केल्या आहेत. मीटरभर लांबीच्या रेडिओ लहरीला एक-दोन सेंटिमीटरचे छिद्र जाणवत नाही, पण वारा त्यातून निघून जातो, त्यामुळे सांगाडा हलका आणि स्वस्त झाला. आपल्या ऐपतीत जगातले उत्तम यंत्र कसे करावे, याचा हा धडा स्वरूप यांनी घालून दिला.

ही दुर्बीण गुरुत्वीय लहरी वेगळ्या रीतीने शोधते. पल्सार म्हणजे वेगाने फिरणारा न्यूट्रॉन तारा. दर फेरीला त्याचा रेडिओ झोत आपल्यावरून जातो. १९८२ मध्ये सेकंदाला ६४२ फेऱ्या घेणारा पल्सार सापडला. शोधणाऱ्यांत डॉन बॅकर यांच्याबरोबर श्रीनिवास कुलकर्णी हा विद्यार्थी होता. जन्म कोल्हापूर जिल्ह्यातल्या कुरुंदवाडचा, बालपण हुबळीचे. असे पल्सार अणुघड्याळाच्या तोडीचे नियमित असतात. अतिप्रचंड कृष्णविवरांच्या जोड्या एकमेकींभोवती फिरतात तेव्हा त्यांची एकेक लहर आपल्यावरून जायला काही वर्षे लागतात. ती जात असताना पल्सारांचे ठोके सेकंदाच्या काही अब्जांशांपासून शेकडो अब्जांशांपर्यंत लवकर किंवा उशिरा पोहोचतात. आकाशाच्या वेगवेगळ्या दिशांतल्या पल्सारांची ही चूकभूल एका ठरावीक नमुन्यात जुळली पाहिजे. तो नमुना १९८३ पासून ठाऊक होता.

इथेही खरखर आहेच. पल्सारची रेडिओ लहर वाटेत इलेक्ट्रॉनांच्या विरळ मेघांतून येते आणि रेंगाळते. कंप्रता निम्मी झाली की रेंगाळणे चौपट. शिवाय मेघ सरकत असल्याने ते बदलत राहते. युरोपातल्या दुर्बिणी बहुतांशी वरच्या कंप्रतांवर पाहतात. तिथे हा परिणाम थोडा असतो आणि नेमका मोजता येत नाही. खोडदची दुर्बीण ३०० ते ५०० मेगाहर्ट्झवर पाहते, तिथे तो ठसठशीत दिसतो. म्हणून भारत आणि जपानच्या शास्त्रज्ञांच्या इनपीटीए या गटाची मोजणी युरोपीय गटाच्या जवळपास २५ वर्षांच्या नोंदींना जोडली गेली. २९ जून २०२३ रोजी युरोपीय-भारतीय, अमेरिकी, ऑस्ट्रेलियन आणि चिनी गटांनी आपापले निष्कर्ष एकाच वेळी जाहीर केले: तो नमुना दिसू लागला आहे. हा योगायोग असण्याची शक्यता युरोपीय-भारतीय नोंदींत साधारण हजारात एक. शास्त्रज्ञ एवढ्यावर समाधानी नाहीत. ती ३५ लाखांत एक इतकी उतरावी, असा त्यांचा दंडक आहे. हा संयम मला या शोधाइतकाच मोलाचा वाटतो.

खोडदची जागा निवडली गेली त्याचे एक मोठे कारण म्हणजे तिथली रेडिओ शांतता. डोंगरांचा आडोसा, आसपास कारखाने कमी. नव्वदच्या दशकात ही शांतता फुकट मिळत होती. आता ती राखावी लागते. पुणे-नाशिक जलदगती रेल्वेचा मार्ग या परिसरातून आखला गेला, तेव्हा विजेवर धावणाऱ्या गाड्यांच्या रेडिओ उत्सर्जनामुळे दुर्बिणीचे काम बिघडेल, अशी हरकत निघाली आणि मार्गाचा फेरविचार करावा लागला. नारायणगावच्या टोमॅटो बाजारात माल आणणाऱ्या शेतकऱ्याला ही बातमी कशी वाटली असेल, याचा विचार आपण विज्ञानाच्या बाजूने बोलणाऱ्यांनी करायला हवा. त्याची रेल्वेची मागणी न्याय्य आहे. दुर्बिणीची मागणीही न्याय्य आहे, कारण तशी दुसरी दुर्बीण आपल्याकडे नाही आणि ती उचलून दुसरीकडे नेता येत नाही. अशा वेळी निर्णय वरून कळवला गेला तर माणसाच्या मनात दुर्बिणीविषयी अढी बसते, आणि ती पुढे कुठल्याही यंत्राने बाजूला काढता येत नाही. खोडदला दरवर्षी २८ फेब्रुवारीच्या सुमारास विज्ञान दिनाला वेधशाळा लोकांसाठी खुली करतात आणि गावोगावच्या शाळांतली मुले आपले प्रयोग मांडतात. फार चांगली प्रथा आहे. पण मुलांना बोलावणे आणि रेल्वेच्या प्रश्नावर त्यांच्या आईबापांशी वेळेवर बोलणे, ही दोन्ही कामे व्हायला हवीत.

हेच सगळे औंढ्याला नव्याने करायची संधी आपल्याला आहे. इथल्या लायगो यंत्राचे महत्त्व काय? लहर कुठून आली हे ती वेगवेगळ्या ठिकाणी किती अंतराने पोहोचली यावरून ठरते. अमेरिका, इटली आणि जपान या ठिकाणांपासून दूर, भारतात एक संवेदनशील यंत्र आले की आकाशातली जागा कितीतरी अचूक ठरेल. शिवाय मे २०२५ मध्ये अमेरिकी सरकारच्या अर्थसंकल्पी प्रस्तावात लायगोच्या दोनपैकी एक यंत्र बंद करण्याची सूचना होती. जगाचा हा सगळा व्याप एकाच देशाच्या तिजोरीवर अवलंबून ठेवणे धोक्याचे आहे.

आपल्या मनातला एक प्रश्न मला ठाऊक आहे. वसमत, कळमनुरी, औंढा या पट्ट्यात जमिनीतून गूढ आवाज येतात, हादरे बसतात. २०२४ मध्ये मार्चमध्ये आणि पुन्हा जुलैमध्ये ४.५ तीव्रतेचे धक्के आपण सोसले. मग इथे हे नाजूक यंत्र कसे? याचे उत्तर असे, की अधूनमधून येणारा धक्का यंत्राचे काम काही काळ थांबवतो. जगातल्या सगळ्याच लायगोंना तो अनुभव आहे. खरा त्रास असतो तो रोजच्या, न थांबणाऱ्या थरथरीचा: अवजड वाहने, खाणीतले सुरुंग, मोठे पंप, समुद्राच्या लाटा. समुद्र आपल्यापासून दूर आहे. बाकीचे आपल्या हातात आहे.

म्हणून काही गोष्टी मी आजच मागतो. वेधशाळेला संवेदनशील भूकंपमापक लावावेच लागतात. त्यांच्यावर काय दिसले हे त्या परिसरातल्या ग्रामपंचायतींना मराठीतून, नियमित कळवावे. रात्री जमीन गुरगुरली म्हणून अंगणात झोपणाऱ्या माणसाला सकाळी त्याचे कारण कळले, तर ही वेधशाळा त्याला आपली वाटेल. वसमतच्या बाजारात हळद नेणारे ट्रक कोणत्या रस्त्याने जावेत, सुरुंग कुठवर चालतील, विंधनविहिरींचे काय, हे नियम यंत्र सुरू होण्याच्या आधी, गावसभांत बसून ठरवावेत. जिथे कुणाचे नुकसान होणार असेल तिथे भरपाई आधी ठरावी.

आणि तिसरी गोष्ट कामाची. लायगोची निर्वात नळी साधारण १.२ मीटर व्यासाची आणि फक्त तीन मिलीमीटर जाडीच्या स्टेनलेस स्टीलची असते. आठ किलोमीटरच्या नळीत वेल्डिंगची कित्येक किलोमीटर लांबीची शिवण येते आणि तीत सुईच्या टोकाएवढेही छिद्र चालत नाही. निर्वात तंत्र, स्वच्छ खोलीतले काम, बारीक वेल्डिंग, गळती तपासणे ही कौशल्ये असलेली माणसे वेधशाळेला वर्षानुवर्षे लागतील. ती बाहेरून आणण्यापेक्षा आपल्या मुलामुलींना शिकवता येतील. हिंगोली, परभणी आणि नांदेडच्या आयटीआयमध्ये असा अभ्यासक्रम सुरू करावा, असे निवेदन या व्याख्यानमालेच्या वतीने राज्य शासनाला आणि अणुऊर्जा विभागाला द्यावे, असा माझा प्रस्ताव आहे. मसुदा मी लिहून आणला आहे. तो बाहेरच्या टेबलावर ठेवला आहे. शिष्टमंडळ नेण्याचे ठरले तर त्यात मी येईन.